३ कोटी ८४ लाख ठोके

जुना डेस्कटॉप सुरू केला, पडद्यावर सगळी चित्रं उमटली, तरी काहीही उघडायला गेलं की नुसतं गोल फिरत राहतं. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून पाहावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचे आलेख सरकत असतात. माझ्या भाचीच्या संगणकावर तिथे जे दिसलं ते पाहण्यासारखं होतं. संगणक जागच्या जागी अडकलेला, आणि प्रोसेसर मात्र ९ टक्क्यांवर निवांत. त्याच्या शेजारी डिस्कचा आलेख वरच्या रेषेला चिकटलेला. १०० टक्के.

संगणक २०१२ सालच्या पिढीचा. आत इंटेलचा कोअर आय-५ ३४७० प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर-३ जातीची ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानात त्या काळी असेंबल करून घेतलेले असे किती तरी संगणक आजही घरांत, क्लासमध्ये, डीटीपीच्या दुकानांत चालू आहेत. “मामा, प्रोसेसर म्हातारा झालाय. सगळंच बदलावं लागेल ना?” असं भाचीने विचारलं, आणि तिच्या जागी कुणीही हेच विचारलं असतं. पण आलेख सांगत होता की प्रोसेसरला कामच मिळत नाहीये. तो कशाची तरी वाट पाहतोय.

ही वाट किती लांबची असते, याचा हिशेब कितीदाही केला तरी माझा अचंबा कमी होत नाही.

३४७०चं घड्याळ ३.२ गिगाहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोके. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत प्रकाशालासुद्धा साडेनऊ सेंटिमीटर गाठता येत नाहीत. तेवढ्या अवधीत या चिपचा प्रत्येक कोअर एकाहून जास्त सूचना उरकू शकतो, आणि असे कोअर तिथे चार आहेत. आता या प्रोसेसरला हार्ड डिस्कवरचा एखादा बारकासा तुकडा हवा झाला, तर तो हाती यायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. आपली पापणी लवते त्यालाही याच्या कित्येक पट वेळ लागतो. पण तेवढ्यात प्रोसेसरचे ठोके पडून जातात ३ कोटी ८४ लाख.

एवढा आकडा डोक्यात मावत नाही. म्हणून असं धरू की एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. मग प्रोसेसरच्या पोटातल्या सगळ्यात जवळच्या कॅशमधली वस्तू ४ सेकंदांत हातात येते. टेबलावरचा चष्मा उचलावा तशी. रॅममधली वस्तू यायला तीनेक मिनिटं. आणि हार्ड डिस्कवरची? ४४४ दिवस. एक वर्ष आणि वर अडीच महिने! आज मागितलेलं पत्र पुढच्या वर्षीची दिवाळी उलटल्यावर यावं आणि तोवर दाराकडे डोळे लावून बसावं, तशी ही गत. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या साध्या सॅटा एसएसडीला तोच तुकडा आणायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. याच मापाने पावणेचार दिवस.

कॅश, रॅम आणि डिस्क यांच्यात अशी दरी आहे. जुन्या संगणकात पैसे कुठे घालायचे, याचं जवळजवळ सगळं उत्तर या एका हिशेबात आहे. जिथे वाट सगळ्यात लांब, तिथे आधी हात घालावा.

प्रोसेसर त्या काळात अगदी हातावर हात ठेवून बसतो असं नाही. ऑपरेटिंग सिस्टिम त्याला दुसरं काम देते. पण सकाळी संगणक सुरू होताना दुसरं कामही डिस्कपाशीच अडलेलं असतं, तिसरंही. अँटिव्हायरस, ब्राउझर, अपडेट, सगळे एकाच खिडकीपुढे रांगेत. म्हणून तो ९ टक्क्यांचा आलेख.

हार्ड डिस्कला एवढा वेळ का लागतो? कारण तिथे खरोखर काहीतरी फिरतं आणि सरकतं. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी ते डोकं योग्य रेघेवर सरकायला हवं, त्याचे ८ मिलिसेकंद. झाले १२. आणि हे जे यंत्र आहे त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. साडेतीन इंची डिस्कची तबकडी आतून सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाची असते. तिची बाहेरची कड ताशी १२५ किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते, आणि वाचणारं डोकं तिच्यावरून मोजक्या नॅनोमीटरच्या उंचीने तरंगत जातं. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. टेबलाखाली, धुळीत, वर्षानुवर्षं हे चाललेलं असतं.

१९५६ साली आयबीएमने रामॅक हे यंत्र बाजारात आणलं, तिथून ही परंपरा सुरू होते. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि साठवण ५० लाख अक्षरांची. तिथून साठवण लाखो पटींनी वाढली. वाट मात्र अडकून पडली. ७२०० फेऱ्यांची पहिली डिस्क सीगेटने १९९२ साली आणली, आणि घरगुती डेस्कटॉपमधल्या चांगल्या डिस्का आजही ७२००च फेरे घेतात. म्हणजे तो अर्धा फेरा गेली तीसहून जास्त वर्षं तसाच आहे. तेवढ्या काळात प्रोसेसर कुठल्या कुठे निघून गेला.

एसएसडीत फिरणारं काही नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. आत काय चालतं ते याहून विलक्षण आहे. प्रत्येक कोठडीत चारही बाजूंनी अवाहक थराने वेढलेला एक इवलासा कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. भिंत अवाहक, दार नाही, खिडकी नाही. मग इलेक्ट्रॉन आत जातात कसे? भिंत अगदी पातळ केली आणि पुरेसा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन तिच्यातून पलीकडे उमटतात. रोजच्या जगात असं काही होत नाही. क्वांटम भौतिकीत त्याला टनेलिंग म्हणतात. दाब काढला की ते आतच राहतात, वीज बंद असतानाही, वर्षानुवर्षं. हा कप्पा बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ साली सुचवला. त्यावरून फ्लॅश मेमरी उभी केली ती तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी, आणि आजच्या एसएसडीत वापरतात तो नॅन्ड हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. आताच्या टीएलसी चिपमध्ये एका कोठडीत विद्युतभाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखून तीन बिट लिहितात, क्यूएलसीत सोळा पातळ्या ओळखून चार. पातळ्या जितक्या जास्त तितकी चिप स्वस्त, आणि तितकी लिहायला हळू आणि लवकर झिजणारी. म्हणून भावात थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी. खोक्यावर टीबीडब्ल्यू म्हणून आकडा असतो, एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे त्याचा. घरगुती वापरात तो गाठायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात.

इथे एक शंका हमखास येते. एच-६१च्या बोर्डावर सॅटा जोडणी दुसऱ्या पिढीची. तिच्यातून सेकंदाला फार तर ३०० मेगाबाइट जातात, आणि एसएसडीच्या खोक्यावर साडेपाचशे लिहिलेले असतात. मग अर्धे पैसे पाण्यात गेले का? मुळीच नाही. संगणक सुरू होताना किंवा प्रोग्राम उघडताना मोठमोठ्या फाइली सलग वाचल्या जात नाहीत. इकडचे तिकडचे चार-चार किलोबाइटचे तुकडे लागतात. हार्ड डिस्क एका तुकड्याला १२ मिलिसेकंद घेते, म्हणजे सेकंदाला ऐंशीएक तुकडे, म्हणजे सेकंदाला अवघे ३२० किलोबाइट. मोठाल्या वेगाच्या जाहिराती वाचलेल्या माणसाला हा आकडा खोटा वाटेल, पण जुन्या संगणकाचं रोजचं आयुष्य याच आकड्यावर चाललेलं असतं. एसएसडी सेकंदाला एकामागून एक दहा हजार तुकडे देते असं धरलं तरी होतात ४० मेगाबाइट. तीनशेची जोडणी त्याला अडवतच नाही. अडते ती एखादा मोठा सिनेमा सलग कॉपी करताना, आणि तेव्हा मिनिटभर जास्त लागलं तर लागलं.

या बोर्डासाठी घ्यायची ती अडीच इंची सॅटा एसएसडी. च्युइंगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई जातीची दुकानात शेजारीच दिसते आणि वेगाला कितीतरी पुढची असते, पण तिची खाच या बोर्डावर नाही. वेगळं कार्ड लावून ती बसवली, तरी या काळातले बहुतेक बोर्ड तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाहीत. विंडोज आणि प्रोग्राम ठेवायला २४०-२५६ जीबी पुरतात. जुनी हार्ड डिस्क काढायची नाही, फोटो आणि सिनेमे तिच्यावरच राहू द्यायचे. फक्त त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रामने तिची तब्येत पाहून घ्यावी. खराब झालेले भाग ती स्वतःच मोजून ठेवत असते. रीअलोकेटेड सेक्टर्स या ओळीतला आकडा वाढत चालला असेल तर फोटो आजच दुसरीकडे हलवावेत.

आता रॅम. भाचीच्या आलेखात डिस्कच्या वरच रॅमचा आलेखही ९० टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता, आणि त्याचा डिस्कशी थेट संबंध आहे. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातली काही पानं उचलून डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. तीन मिनिटांवर असलेली वस्तू अचानक सव्वा वर्षाच्या वाटेवर जाते. ब्राउझरमध्ये दहा-बारा पानं उघडली, वर एखादी ऑनलाइन तासिका चालू असली की ४ जीबी संपतात, आणि आपल्याला वाटतं डिस्क मंद आहे. ती आहेच मंद, पण तिला कामाला रॅमच्या टंचाईने लावलेलं असतं. म्हणून एसएसडी आणि रॅम ही दोन कामं मी एकत्रच करायला सांगतो. एकावरच भागवायचं असेल तर आधी एसएसडी, कारण रॅमची टंचाईसुद्धा तिच्यावर निभावते.

रॅमची पट्टी हातात घेऊन नीट पाहिली तर तिच्यात किती काय दडलंय! तिच्यावरच्या काळ्या चिपांमध्ये प्रत्येक बिटाला एक सूक्ष्म कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. ही मांडणी आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६८ सालच्या पेटंटमधली. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. पण हे कपॅसिटर गळके असतात. भरलं तेवढं टिकत नाही. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कपॅसिटर वाचून पुन्हा भरावा लागतो. ८ जीबीच्या पट्टीत असे कपॅसिटर असतात ६८७० कोटींच्या आसपास. आपण चहा प्यायला उठलो तरी ते सगळेच्या सगळे सेकंदाला पंधराहून जास्त वेळा वाचले आणि भरले जात असतात, एकही बिट न विसरता.

पट्टीच्या मध्याजवळ बाकीच्या चिपांहून कितीतरी लहान अशी एक चिप दिसते. तिच्यात जेमतेम २५६ बाइट मावतात. पट्टीची जात, क्षमता, वेग, कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, हे सगळं कारखान्यात त्या २५६ बाइटांत लिहून ठेवलेलं असतं. संगणक सुरू होताना बोर्ड आधी तिलाच विचारतो, तू कोण, तुला कसं चालवायचं. मग पट्टी आणि प्रोसेसर यांच्यातल्या तारांची चाचणी होते. १६०० वेगाच्या डीडीआर-३मध्ये एक बिट तारेवर जेमतेम ०.६ नॅनोसेकंद असतो. तेवढ्यात तांब्याच्या रेघेवरचा संदेश नऊ-दहा सेंटिमीटर जातो. शेजारच्या दोन रेघांची लांबी थोडी जरी वेगळी झाली तरी एकाच वेळी निघालेले बिट वेगवेगळ्या वेळी पोचतील. कॅबिनेट उघडून रॅमच्या खाचांपासून प्रोसेसरकडे जाणाऱ्या रेघांवर टॉर्च मारून पाहा. काही रेघा सरळ न जाता मध्येच नागमोडी वळणं घेतात. जवळून निघालेल्या रेघेला मुद्दाम लांबचा रस्ता दिलेला असतो, सगळ्यांनी एकदम पोचावं म्हणून. ते पाहून माझ्या भाचीने फोन काढून फोटोच घेतला.

खरेदी करताना मात्र डोळे उघडे हवेत. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या पट्ट्या लांबीला सारख्याच दिसतात, पण एकीला २४० टोकं आणि दुसरीला २८८, आणि खालची खाच वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावून बसवायला जाऊ नये. एच-६१वर दोनच खाचा आणि एकूण १६ जीबीची मर्यादा. सारख्या दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो आणि वाहतूक दुप्पट होते, सेकंदाला १२.८ जीबीची २५.६. तेव्हा ८ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी चार-चारच्या दोन चांगल्या. पुढे १६ करायची इच्छा असेल तर मात्र आठच्या दोन. आणि फार स्वस्तात मिळणारी, “फक्त एएमडीसाठी” असं बारीक अक्षरात लिहिलेली डीडीआर-३ची पट्टी दिसली तर दूर ठेवावी. तिच्यातल्या चिपांची मांडणी वेगळी असते आणि इंटेलच्या या बोर्डांवर ती चालत नाही. नवी डीडीआर-३ आता कमी मिळते, वापरलेली बरीच. वापरलेली घ्यायला हरकत नाही. रॅम झिजत नाही. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवावा आणि सकाळी एकही चूक नसेल तरच पट्टी ठेवून घ्यावी. दुकानदाराशी हे आधीच बोलून घ्यायचं.

मग प्रोसेसर कधी? जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेला एक विचार इथे कामाला येतो. एखाद्या कामाचा एकच भाग कितीही वेगवान केला तरी उरलेला भाग तेवढाच वेळ खाणार. समजा, संगणक वापरण्याजोगा व्हायला ९० सेकंद लागतात, त्यातले ७० डिस्कच्या वाटेत जातात आणि २० प्रोसेसरच्या कामात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर ९०चे ८० होतील. डिस्क दहापट वेगाची केली तर ९०चे २७. पैसे मात्र प्रोसेसरला जास्त पडले असते. हा हिशेब समजला की दुकानातली निम्मी भुलावण आपोआप गळून पडते.

तरीही व्हिडिओ जोडायचे असतील, प्रोग्राम कंपाइल करायचे असतील, तर प्रोसेसरचा आलेख १०० टक्क्यांवर जाईल आणि तेव्हा तिथेच खर्च रास्त. या बोर्डाच्या एलजीए ११५५ खाचेत त्याच पिढीचा आय-७ ३७७० बसतो. कोअर चारच, पण एका वेळी आठ धागे हाताळणारा. नवा मिळत नाही, वापरलेलाच घ्यावा लागतो. घेण्यापूर्वी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत तो आहे का आणि बायोसची कोणती आवृत्ती लागेल हे पाहावं. एएमडीवाल्यांचं नशीब याबाबतीत जास्त चांगलं. २०१७च्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या एएम-४ बोर्डावर, बायोस अद्ययावत केलं की, बऱ्याचदा रायझन ५ ५६००सुद्धा चालतो. ज्यांच्याकडे असा बोर्ड आहे त्यांनी प्रोसेसर बदलण्याचा विचार जरूर करावा. एका खाचेत इतकं आयुष्य क्वचितच मिळतं.

फारसे पैसे न लागणारं एक काम यात विसरू नये. दहा-बारा वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून भुगा होते आणि पंख्याखाली धुळीची गादी बसते. चिप तापली की ती स्वतःच आपला वेग कमी करते, जळू नये म्हणून. पंखा साफ करून नव्या पेस्टचा एक थेंब लावला की मूळ वेग परत मिळू शकतो. बायोसची बॅटरीही बदलावी. सीआर २०३२ नावाचा तो नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि मग बँकेची साइट उघडत नाही म्हणून लोक उगाच भलतीकडे शोधत बसतात.

ग्राफिक्स कार्ड सगळ्यांना लागत नाही. ३४७०च्या पोटातच पडद्यापुरतं ग्राफिक्स आहे. खेळ किंवा व्हिडिओचं काम असेल तरच हा खर्च. कार्डाच्या खाचेची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. २०१२च्या बोर्डात २०१९चं कार्ड खोचलं की दोघं आधी आपसात ठरवतात: तुझ्याकडे किती मार्गिका, माझ्याकडे किती, तुझा वेग काय, माझा काय. दोघांना जमेल त्या बोलीवर क्षणात एकमत होतं. बोर्ड बनला तेव्हा हे कार्ड कागदावरही नव्हतं! त्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. म्हणून वेगळी वायर न लागणारी कार्डं जुन्या संगणकाला सोयीची: २०१६चं जीटीएक्स १०५० टीआय, २०१९चं जीटीएक्स १६५०, यांची बरीच मॉडेलं तशी आहेत. २०२२चं आरएक्स ६४०० नवं आणि कमी विजेवर चालणारं, पण त्याला चारच मार्गिका दिल्यात. नव्या बोर्डावर त्या पुरतात. जुन्या बोर्डाची दुसऱ्या पिढीची खाच असली तर त्याच चार मार्गिकांतून पाव वाहतूक होते. म्हणजे इथे जुनं कार्ड जुन्या बोर्डाला जास्त मानवतं. जीटी १०३० घेताना तर नावावर जाऊच नये. त्याच नावाने दोन कार्डं विकली गेली. जीडीडीआर-५ मेमरीच्या कार्डात सेकंदाला ४८ जीबी वाहतात, डीडीआर-४च्या कार्डात १६.८. खोक्याची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कार्ड लावण्याआधी वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे पाहायचं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलेले असतात. तो आकडा सोडून द्यावा. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेले असतात, त्यांना १२ने गुणावं. १४ अँपिअर असतील तर झाले १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः इथूनच वीज घेतात. ३४७०चे ७७ आणि कार्डाचे ७५ धरले की १५२ झाले, आणि पंखे, डिस्क अजून बाकीच. इतक्या काठावर चालणारा स्वस्त एसएमपीएस उन्हाळ्यात दगावतो, आणि जाताना बोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. ८० प्लसचं चिन्ह असलेला, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. कंपन्यांच्या तयार ऑफिस संगणकांत मात्र आधी आतली जोडणी पाहावी. अनेकांची टोकं वेगळ्याच घडणीची असतात आणि बाजारातला साधा एसएमपीएस त्यांना बसत नाही.

एक गोष्ट या सगळ्या हिशेबाला मर्यादा घालते. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. ३४७० तिसऱ्या पिढीचा. म्हणून अशा यंत्रावर आता लिनक्स मिंटसारखी प्रणाली घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एसएसडी आणि ८ जीबी रॅमवर ती झकास चालते, देवनागरी टंकलेखनही होतं. ज्यांना टॅली किंवा विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर सोडणं शक्य नाही, त्यांनी या यंत्रात एसएसडीपलीकडे पैसा न घालता बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम या त्रिकुटासाठी साठवायला सुरुवात करावी.

आणि साठवताना कोणता भाग पुढे सोबत येतो, ते पाहावं. डीडीआर-३ रॅम आणि ११५५चा प्रोसेसर याच बोर्डाबरोबर संपतात, म्हणून त्यांच्यावर बेताने खर्च. एसएसडी पुढच्या संगणकातही लागते, चांगला एसएमपीएसही. कॅबिनेटचं तर मला फार अप्रूप वाटतं. बोर्डाच्या स्क्रूंची भोकं कुठे असावीत, हे इंटेलने एटीएक्स या मानकात १९९५ साली ठरवलं. त्यानंतर प्रोसेसरच्या खाचा कितीदा बदलल्या, रॅमच्या पिढ्या उलटल्या, पण ती भोकं जागेवर आहेत. भाचीने एसएसडी आणि चार-चारच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि उरलेले पैसे बाजूला ठेवले. गंजलेलं कॅबिनेट भंगारात देऊ या का, असं ताईने विचारलं, तेव्हा भाचीच म्हणाली, “नको गं आई, पुढचा बोर्ड यातच बसेल.”